मुंबईत नवीन आहात? लोकल, बस आणि मेट्रोने सुखरूप कसं फिराल

मुंबईत कुणी मुलाखतीला येतं, कुणी परीक्षेला, कुणी नव्या नोकरीवर रुजू व्हायला, तर कुणी टाटा किंवा केईएममध्ये पेशंटला घेऊन. गावाहून निघताना बहुतेकांना एकच सल्ला मिळालेला असतो, "पाकीट सांभाळ, तिथे चोर फार." पाकीट सांभाळायचंच, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण लोकलच्या मार्गावर माणसं जीव गमावतात ती मुख्यतः रूळ ओलांडताना आणि दारातून पडून, आणि या दोन्हींच्या मुळाशी घाई असते. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. समोरची गाडी सोडून द्यायला शिका. मोठ्या स्टेशनांवर दिवसा पुढची लोकल चार-पाच मिनिटांत येते. तुमच्या मुलाखतीचं, ॲडमिशनचं, डॉक्टरच्या वेळेचं त्या पाच मिनिटांनी काही बिघडणार नाही, अशा बेताने घरून निघा.

डोंबिवलीहून रोज लोकलने कामाला जाणाऱ्या बाईच्या नजरेने हे लिहिते आहे, त्यामुळे लोकलबद्दल जास्त आणि बाकीच्याबद्दल कमी असेल.

निघण्याआधी : नेमकं उतरायचं कुठे?

बाहेरगावची गाडी सीएसएमटीपर्यंत, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जाते म्हणून तुम्हीही तिथवर जायला हवं असं नाही. नागपूर, नांदेड, कोल्हापूर, नाशिक या बाजूंनी येणाऱ्या गाड्या वाटेत कल्याण, ठाणे, दादर यांपैकी कुठे थांबतात ते तिकिटासोबतच पाहून ठेवा. वाशी, नेरूळ, ऐरोलीला जायचं असेल तर ठाण्याला उतरा, तिथून ट्रान्स हार्बरची, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या मार्गाची लोकल मिळते. अंधेरी, मालाड, बोरिवलीला जायचं असेल तर दादरला उतरा आणि पुलावरून पश्चिम रेल्वेच्या फलाटांवर जा. कोकणातून येणाऱ्यांना पनवेल सोयीचं. हार्बरच्या, म्हणजे सीएसएमटीहून वडाळामार्गे पनवेलला जाणाऱ्या मार्गाच्या लोकल तिथूनच सुटतात, त्यामुळे बसायला जागाही मिळते.

नावांचा घोळ इथे भल्याभल्यांना फिरवतो. सीएसएमटी म्हणजेच जुनं व्हीटी, आणि आजही निम्मी मुंबई व्हीटीच म्हणते. मुंबई सेंट्रल हे स्टेशन पश्चिम रेल्वेवर आहे, नावावरून ते मध्य रेल्वेचं समजू नका. कुर्ला स्टेशन वेगळं आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांचं लोकमान्य टिळक टर्मिनस वेगळं. टर्मिनसवरून पायी जाण्यासारखं लोकलचं स्टेशन म्हणजे हार्बरचं टिळक नगर. वांद्रे आणि वांद्रे टर्मिनस यांचंही तसंच. एल्फिन्स्टन रोडचं नाव २०१८ पासून प्रभादेवी आहे, पण जुनी माणसं अजून एल्फिन्स्टनच म्हणतात.

पत्त्यात 'पूर्व' लिहिलंय की 'पश्चिम', हे नीट वाचा. स्टेशनच्या एका अंगाला पूर्व, दुसऱ्या अंगाला पश्चिम, मध्ये रूळ. चुकीच्या बाजूला बाहेर पडलात तर पुन्हा पूल चढून यावं लागतं, आणि तिथल्या रिक्षावाल्यालाही मोठा वळसा पडतो. पत्ता, ज्यांच्याकडे जायचं त्यांचा नंबर आणि घरचा एक नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. फोनची बॅटरी संपली की सगळे पाठ असलेले नंबरही आठवत नाहीत.

शक्यतो सकाळी आठ ते अकरा या वेळात सामानासकट लोकलमध्ये शिरायची पाळी येऊ देऊ नका. सकाळी गर्दी दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट आणि सीएसएमटीकडे जाते, तर संध्याकाळी साडेपाच ते नऊ उलट दिशेने. बाहेरगावची गाडी सकाळी आठला पोचत असेल तर वेटिंग रूममध्ये हातपाय धुवा, चहा-नाश्ता करा आणि गर्दी ओसरल्यावर निघा. तातडीच असेल तर त्या दिवशी टॅक्सीचे पैसे खर्च करा. ते वाया गेले असं मी तरी मानणार नाही.

तिकीट

बाहेरगावच्या गाडीचं तिकीट जिथवरचं आहे तिथून पुढे लोकलचं वेगळं तिकीट लागतं. सेकंड क्लासचं किमान तिकीट ५ रुपये आहे. तिकीट नसेल तर किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं. तिकीट खिडकीवर मिळतं, स्टेशनातल्या मशीनवर मिळतं आणि रेल्वेच्या 'रेलवन' ॲपवरही निघतं. ॲपचं तिकीट स्टेशनात शिरण्याआधीच काढा. फलाटावर उभं राहून किंवा गाडीत बसून काढता येत नाही, आणि टीसीला स्क्रीनशॉट चालत नाही. तिकीट काढल्यावर तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो. दादरला गाडी बदलून ठाण्याहून बोरिवलीला जायचं असेल तर एकच तिकीट मिळतं. खिडकीवर "बोरिवली, व्हाया दादर" एवढं म्हटलं की पुरे.

फर्स्ट क्लासचे डबे त्याच गाडीत असतात आणि तिथेही गर्दी असते. नवखा माणूस 'डबा रिकामा दिसला' म्हणून चढतो आणि दंड भरतो. एसी लोकलचं तिकीट वेगळं आणि महाग, पण तिची दारं बंद होतात. म्हातारी माणसं, लहान मुलं किंवा आजारी माणूस सोबत असेल तर तिच्यासाठी थांबणं सार्थकी लागतं.

फलाटावर : इंडिकेटर वाचायला शिका

पाच मिनिटं इंडिकेटरखाली नुसतं उभं राहा आणि तो वाचा. त्यावर गाडी शेवटी जिथे जाणार त्या स्टेशनचं नाव असतं, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत आलटून पालटून. शेजारी वेळ. मग 'एफ' किंवा 'एस', म्हणजे फास्ट किंवा स्लो. घोषणेत याच गाड्यांना 'जलद' आणि 'धीमी' म्हणतात. त्याच्याजवळ १२ किंवा १५ असा आकडा दिसतो, तो डब्यांचा. हा आकडा नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. तुम्ही फलाटाच्या अगदी टोकाला उभे असाल आणि बारा डब्यांची गाडी आली, तर ती तुमच्या अलीकडेच थांबते आणि मग सगळे धावत सुटतात. त्या धावाधावीत सापडू नका. फलाटाच्या मधल्या भागात उभं राहिलात तर गाडी कितीही डब्यांची असो, समोर डबा येतोच.

स्लो गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबते. फास्ट मोजक्याच स्टेशनांवर थांबते. पश्चिम रेल्वेवर ती साधारण मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, आणि मध्य रेल्वेवर भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कल्याण अशी. माटुंगा किंवा सायनला जायचं आणि फास्टमध्ये चढलात, तर ते स्टेशन खिडकीतून मागे पळताना दिसेल. हार्बरवर आणखी एक गोष्ट पाहायची. वडाळा रोडनंतर फाटा फुटतो. एक गाडी वाशी-पनवेलला जाते, दुसरी वांद्रे, अंधेरी, गोरेगावच्या बाजूला. "हार्बरची गाडी ना?" एवढं विचारून चढू नका, नाव वाचा.

दादरचे फलाट २०२३ च्या डिसेंबरपासून सलग क्रमांकांचे झाले आहेत. १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे. जुन्या माणसाने "तीन नंबरवर जा" असं सांगितलं तर पुन्हा एकदा कुणाला तरी विचारून घ्या.

विचारायला मुळीच लाजू नका. "दादा, ठाणे स्लो कुठल्या फलाटावर?" असं विचारलं की घाईतला माणूसही हाताने दिशा दाखवून जातो. मराठीत विचारा, कळतं सगळ्यांना. फक्त दोघांना विचारा. पहिला कधी कधी ठामपणे चुकीचं सांगतो.

आणि काहीही झालं तरी रुळांवरून फलाट बदलू नका. पूल लांब असतो, पायऱ्या दमवतात, शेजारून चार जण उड्या मारून पलीकडे जाताना दिसतात. त्यांच्या मागे जाऊ नका. समोरच्या रुळावरची गाडी दिसते, पण तिच्या आवाजात मागून येणारी ऐकूच येत नाही. शिवाय तो गुन्हा आहे. डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो, तेव्हा लांब सळई, पाइप, पडद्याचे रॉड असं काही घेऊन चालला असाल तर ते आडवं धरा.

पुलावर गर्दी तुंबली तर मागच्यांना न रेटता कठड्याच्या बाजूला सरका आणि थोडं थांबा. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर पावसामुळे माणसं दाटली आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. मुसळधार पावसात छत्री विसरलेले सगळेच पुलाच्या तोंडाशी आडोशाला थांबतात. तिथे थांबू नका, फलाटावरच्या शेडखाली मागे उभे राहा.

चढणं, आत उभं राहणं, उतरणं

आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या. दाराच्या मधोमध उभे राहिलात तर आतून येणारा लोंढा तुम्हाला मागे लोटतो. दाराच्या कडेला उभं राहून मग आत शिरायचं. सॅक पाठीवर नको, पोटाशी. ओढणी किंवा पदर खोचून घ्या. सुरुवातीच्या स्टेशनांवर, सीएसएमटीला आणि चर्चगेटला, नेहमीची माणसं गाडी थांबायच्या आतच उडी मारून खिडकी पकडतात. त्यांची नक्कल करू नका. त्यांच्या पायाला वर्षांची सवय असते, तरीही पडतात. फलाट आणि गाडी यांच्यातली फट काही स्टेशनांवर चांगलीच मोठी आहे, आणि पाय जातो तो तिथेच. लहान मूल असेल तर त्याला कडेवर घ्या, बोट धरून चढवू नका.

आत शिरलात की दारातून पुढे सरका. दाराजवळचा भाग सगळ्यात घट्ट भरतो, तर सीटच्या मधल्या पॅसेजमध्ये त्या मानाने श्वास घ्यायला जागा असते. वर कड्या असतात, त्यांतली एक धरा. दारात वाऱ्याला उभं राहायचा मोह नव्या पोरांना हमखास होतो, आणि त्यांच्या आया-बहिणींसाठी मी हे कळवळून लिहिते आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल समोरासमोरून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्यांतले काही घरी परतलेच नाहीत.  गाडीत आत शिरायला जागा नसेल तर ती गाडी तुमची नाही. पुढची येते आहे.

आता गाडीची निवड. तुम्हाला जिथे जायचं तिथेच संपणारी, नाहीतर त्याच्या थोडी पुढेच जाणारी गाडी पकडा. अंधेरीला जायचं असेल तर अंधेरी किंवा बोरिवली स्लो, ठाण्याला जायचं असेल तर ठाणे स्लो. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये अंधेरी-बोरिवलीसाठी नवख्या माणसाने चढू नये. त्या गाडीत लांबचे प्रवासी दाटीवाटीने उभे असतात, त्यांतून मधल्या स्टेशनवर दारापर्यंत पोचता येत नाही आणि बोलणी खावी लागतात ती वेगळीच. त्यांचाही दोष नाही, त्यांना तास-दीड तास तसंच उभं राहायचं असतं. कल्याणच्या पुढे जाणाऱ्या कर्जत-कसारा फास्टचंही तेच. स्लो गाडीला वीस मिनिटं जास्त लागली तर लागली.

उतरण्याची तयारी आदल्या स्टेशनपासून करायची, आणि गर्दीत दोन स्टेशनं आधीपासून. पुढे उभ्या असलेल्या माणसाला विचारा, "कुठे उतरणार?" हा लोकलमधला रोजचा प्रश्न आहे, कुणाला वावगं वाटत नाही. तो तुमच्याच स्टेशनला किंवा आधी उतरणारा असेल तर त्याच्यामागे राहा. पुढे जाणारा असेल तर जागा बदलून घ्या. असं करत करत आतच एक रांग लागते. फलाट कुठल्या बाजूला येणार तेही विचारून घ्या, कारण स्टेशनगणिक बाजू बदलते आणि चुकीच्या दाराशी पोचलात तर परत वळायला वेळ उरत नाही. गाडी साधारण अर्धा मिनिट थांबते. दादरसारख्या ठिकाणी मागचा रेटाच तुम्हाला बाहेर काढतो. तेव्हा चप्पल निसटली तरी वाकू नका. वाकलेला माणूस मागच्यांना दिसत नाही.

उतरता आलंच नाही तर? काही बिघडत नाही. पुढच्या थांब्यावर शांतपणे उतरा, खिडकीवर जाऊन परतीचं तिकीट काढा आणि उलट दिशेच्या गाडीने मागे या. सुटलेल्या गाडीतून उडी मारण्यासारखं एकही काम या शहरात नाही.

बायका, मुलं, पेशंट

लेडीज डबे गाडीत दोन-तीन ठिकाणी असतात. ते कुठे येतात याच्या खुणा आणि पाट्या फलाटावर असतात. त्या सापडल्या नाहीत तर जिथे बायकांचा घोळका उभा दिसेल तिथे जाऊन उभं राहायचं. काही डबे चोवीस तास बायकांसाठी असतात, काही ठरावीक वेळेपुरते, आणि ते डब्यावर लिहिलेलं असतं. बारा वर्षांखालचा मुलगा आईबरोबर लेडीज डब्यात चालतो, त्याच्याहून मोठा चालत नाही. नवऱ्याने किंवा भावाने "बहिणीला बसवून उतरतो" म्हणून चढू नये. गाडी सुटते आणि मग दंडही होतो, आरडाओरडाही.

रात्री लेडीज डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो. तरीही डबा अगदी रिकामा दिसला तर मी स्वतः त्यात बसत नाही, चार माणसं असलेल्या जनरल डब्यात जाते. नव्या मुलींनाही तेच सांगेन. रात्री उशिरा रिकाम्या डब्यापेक्षा घरी परतणाऱ्या माणसांनी भरलेला डबा बरा. गर्दीत कुणी मुद्दाम अंगचटीला आलं तर गप्प राहू नका, मोठ्याने बोला. "काय चाललंय तुमचं?" एवढं ठणकावून म्हटलं की आजूबाजूच्या बायका उभ्या राहतात. हे मी खूपदा पाहिलं आहे.

पेशंटला घेऊन येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरचे रुग्ण आणि गरोदर बायकाही प्रवास करू शकतात. रुग्णालयाचे कागद आणि ओळखपत्र हाताशी ठेवा. टाटाला जाण्यासाठी मध्य रेल्वेचं परळ जवळ पडतं, तिथे स्लो गाडी थांबते. पण माणूस फारच अशक्त असेल तर दादरला उतरून सरळ टॅक्सी करा. जिने चढायची ताकद उपचारांसाठी राहू द्या. मोठी बोचकी, ट्रंक असं सामान असेल तर लगेजचा डबा असतो, तो पाहून चढा.

फोन आणि पाकीट

दारात किंवा खिडकीशी फोन हातात धरून उभं राहू नका. गाडीचा वेग कमी झाला की रुळांशेजारी उभा असलेला चोर काठीने हातावर फटका मारतो, फोन खाली पडतो आणि तो घेऊन पळतो. ही चोरी इथे 'फटका' याच नावाने ओळखली जाते. फोन कधी कधी परत मिळतो किंवा नवा घेता येतो. पण त्याला वाचवायला झेपावलेला माणूस रुळांवर जातो. फोन पडला तर चेन ओढू नका, उडी मारू नका. रुळांलगतच्या खांबावर रंगवलेला क्रमांक लक्षात ठेवा आणि पुढच्या स्टेशनवर रेल्वे पोलिसांना सांगा, म्हणजे नेमकी जागा कळते.

पैसे दोन ठिकाणी ठेवा. दिवसभराला लागतील तेवढे वरच्या खिशात, बाकीचे आत. पाकीट मागच्या खिशात नको. खिसेकापू चढता-उतरतानाच्या रेटारेटीत हात साफ करतो, तेव्हा त्या दोन वेळांना एक हात बॅगेवर ठेवा. स्टेशनात कुणी "माझा फोन बंद पडलाय, जरा यूपीआय करता का" म्हणत आला, किंवा स्वस्त लॉज दाखवतो म्हणाला, तर नाही म्हणून चालू लागा. खरंच अडचणीत असलेल्या माणसाला रेल्वे पोलिसांची चौकी दाखवा.

स्टेशनबाहेर : बस, मेट्रो, रिक्षा, टॅक्सी

बेस्टच्या बसवर क्रमांक मराठी आकड्यांतही असतो, आपल्याला तेवढीच सोय. साध्या बसचं किमान भाडं १० रुपये, एसीचं १२, असं मे २०२५ पासून आहे. सुटे पैसे जवळ ठेवा. 'चलो' ॲपवर बस कुठवर आली ते दिसतं. एकाच क्रमांकाची बस दोन्ही दिशांना जाते, म्हणून चढण्याआधी "अमुक ठिकाणी जाणार ना?" हे विचाराच. पलीकडच्या बाजूच्या बसस्टॉपवर उभं राहून उलट दिशेला जाणारी माणसं रोज दिसतात. उतरल्यावर बसच्या पुढून रस्ता ओलांडू नका, बस जाऊ द्या. ठाण्यात टीएमटी आणि नवी मुंबईत एनएमएमटी आहे, त्यांचे क्रमांक वेगळे.

मेट्रोबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण नवख्याला सगळ्यात सोपी तीच. दारं बंद होतात, पाट्या स्पष्ट आहेत, बॅग तपासून आत सोडतात. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही २०१४ ची पहिली मार्गिका पश्चिम आणि मध्य रेल्वेला जोडते. त्यामुळे घाटकोपरहून अंधेरीला जायला दादरचा वळसा घ्यावा लागत नाही. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण धावते. विमानतळ, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), दादर, सीएसएमटी, चर्चगेट हे सगळं तिच्या वाटेवर आहे. भुयारात मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबू नका. तिकीट आणि पत्ता खाली उतरण्याआधीच पाहून घ्या. लोकलचं तिकीट मेट्रोत चालत नाही.

रिक्षा दक्षिण मुंबईत चालत नाही. पश्चिमेला वांद्रे-माहीमपर्यंत आणि पूर्वेला सायनपर्यंत रिक्षा, त्याच्या दक्षिणेला काळी-पिवळी टॅक्सी. दादर, परळ, सीएसएमटीला रिक्षा शोधत बसू नका. रिक्षाचं पहिलं भाडं २६ रुपये आणि टॅक्सीचं ३१ रुपये, दोन्ही पहिल्या दीड किलोमीटरसाठी, असं फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट. "मीटरने चला" असं बसायच्या आधीच म्हणा. नाही म्हणाला तर दुसरी पाहा. स्टेशनच्या दारात अंगावर येऊन "कुठे जायचं, कुठे जायचं" करणाऱ्यापेक्षा रांगेतली रिक्षा बरी. मोठ्या टर्मिनसवर प्रीपेड टॅक्सीची खिडकी असते. रात्री बसण्याआधी नंबर प्लेटचा फोटो काढून घरच्यांना पाठवा, आणि पाठवलाय हे चालकाला कळेल असं बोला.

रविवार, पावसाळा आणि मध्यरात्र

रविवारी दुरुस्तीसाठी मध्य आणि हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असतो, पश्चिम रेल्वेवर त्याला जम्बो ब्लॉक म्हणतात. त्या काळात काही गाड्या रद्द होतात, फास्ट गाड्या स्लोच्या रुळांवरून जातात, आणि कधी कधी तर हार्बरचा एखादा पट्टा चक्क बंद असतो. स्पर्धा परीक्षा नेमक्या रविवारी असतात! परीक्षेला येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच्या पेपरात ब्लॉकची बातमी वाचून ठेवावी आणि तासभर आधी निघावं. जमलं तर शनिवारी जाऊन केंद्र पाहून यावं.

पावसाळ्यात कुर्ला, सायन, दादरचं हिंदमाता, अंधेरी सबवे हे सखल भाग आधी भरतात. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी ओसरायला वेळ लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्यानंतर मुंबईकर एक गोष्ट शिकले, ती म्हणजे जिथे आहात तिथे थांबणं. लोकल दोन स्टेशनांच्या मध्ये अडकली तर रुळांवर उतरू नका. डब्यात थांबा, घोषणा ऐका, आणि रेल्वेची माणसं उतरवतील तेव्हाच उतरा. रस्त्यावर साचलेल्या पाण्यात उघडं मॅनहोल दिसत नाही, म्हणून पाण्यातून चालत घर गाठायचा हट्ट नको. बिस्किटाचा पुडा, पाण्याची बाटली आणि चार्ज केलेली पॉवर बँक जून ते सप्टेंबर बॅगेत असूच द्या.

रात्री साधारण एक ते पहाटे चार लोकल बंद असतात, आणि मेट्रो त्याच्याही बरीच आधी. शेवटच्या गाडीच्या भरवशावर कार्यक्रम आखू नका, निदान तिच्या आधीची दुसरी गाडी धरा. अडकलातच तर मोठ्या टर्मिनसच्या वेटिंग रूममध्ये किंवा उजेडात, पोलीस चौकीच्या आसपास बसून पहाट होऊ द्या.

काही झालंच तर

रेल्वेतल्या कुठल्याही अडचणीसाठी १३९. रेल्वे पोलिसांसाठी १५१२. बाकी कुठेही ११२. हे तीन नंबर त्याच कागदावर लिहून ठेवा. कुणी पडलं, घेरी आली, तर पुढच्या स्टेशनवर उतरवून स्टेशन मास्तरांना कळवा. चालत्या गाडीत मध्येच चेन ओढलीत तर गाडी अशा जागी थांबते जिथे मदत पोचत नाही.

फोन चोरीला गेला तर आधी दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय आणि कार्ड बंद करा, मग सिम. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणं कठीण. त्यानंतर रेल्वे पोलिसांत तक्रार, आणि तिची प्रत घेऊन 'संचार साथी' पोर्टलवर फोन ब्लॉक करायचा. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक लागतो. आज, घरूनच, स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करून तो पाहा आणि कागदावर उतरवा. चोरी रेल्वेत झाली की बाहेर, आणि हद्द कुणाची, यावरून पोलिसांनी दुसरीकडे पाठवलं तर "झिरो एफआयआर करून घ्या" असं नम्रपणे पण ठामपणे म्हणा. झिरो एफआयआर म्हणजे हद्द कुणाचीही असली तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार, आणि तो तुमचा हक्क आहे.

आणि सोबत कुणी असेल तर गाडीत चढण्याआधीच ठरवून टाका, ताटातूट झाली तर काय करायचं. आमच्या घरचा नियम असा, की जो गाडीत चढला त्याने पुढच्या थांब्यावर उतरून इंडिकेटरखाली थांबायचं, आणि जो फलाटावर राहिला त्याने तसल्याच पुढच्या गाडीने तिथे यायचं. स्लो चुकली तर स्लोनेच, फास्ट चुकली तर फास्टनेच. दोघांनीही एकमेकांना शोधत फिरायचं नाही. लहान मुलांना हा नियम दोनदा म्हणायला लावा, आणि त्यांच्या खिशात आई-बाबांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मूल हरवलं तर फलाट पालथे घालण्याआधी स्टेशन मास्तरांकडे जा. घोषणा सगळ्या फलाटांवर एकदम पोचते.